आम्ही परत पाठवलेल्या भाकरी

नव्या बाजरीची पोती नगरच्या बाजारात उतरायला लागली आणि जो तो म्हणायला लागला, सुटलो एकदाचे. टांगेवाला म्हणतो, बोर्डिंगातल्या रेक्टरबाई म्हणतात, आमच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यांनी तर प्रार्थनेनंतर हात जोडून वर पाहिलं. आडतीच्या दुकानांपुढून जाताना नव्या धान्याचा हिरवट, किंचित गोडसर वास येतो. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण दहा पावलं पुढं जाते न जाते तोच तळपायाची आग मस्तकात जाते. वर्षभर माणसांना काय काय खायला लावलं, कुणाच्या तोंडचं काढून कुणाच्या ताटात घातलं, ते सगळं पाऊस पडला म्हणून विसरायचं की काय? पाऊस पडला म्हणजे सगळ्यांना माफी झाली, असं मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

त्यातच गेल्या आठवड्यात माझा सराव पाठ होता. चौथीचा वर्ग आणि विषय 'चौरस आहार'. विद्यालयाच्या कपाटातून तक्ता मिळाला. त्यावर दुधाचा पेला, दोन अंडी, पालेभाजीची जुडी, पोळ्यांची चवड आणि एक लालभडक सफरचंद. सफरचंद मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, दवाखान्यात, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या उशाशी. तरी मी तक्त्यावर छडी टेकवून सांगितलं, मुलांनो, रोज एक तरी फळ खावं. पाठ तपासणाऱ्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, ह्यात मिलो कुठाय?" वर्ग हसला. तपासणाऱ्या बाईही हसल्या. मी तास संपायच्या आतच तक्ता गुंडाळायला घेतला. शेऱ्याच्या वहीत लिहून आलं, 'विद्यार्थिनीच्या शंकेचे निरसन केले नाही.' अगदी खरं आहे. काय निरसन करणार होते मी?

मिलो ज्यांनी खाल्ली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. दिसायला ज्वारीसारखीच, पण रंगानं लाल, आणि कवच असं कडक की जात्यात दगड दळल्यासारखा आवाज यायचा. बोटीतून आली, सातासमुद्रापलीकडून. तिकडं म्हणे ती डुकरांना आणि गुरांना घालतात. आमच्याकडं ती रेशनच्या दुकानात आली आणि माणसांची झाली. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापायला घ्यावी तर कडा फाटतात, परातीतून उचलावी तर मधोमध मोडते, आणि तव्यावर जी काय भाजून निघते तिला कुबट वास. घासाबरोबर पाणी प्यावंच लागतं. रात्री पोट दुखतं ते वेगळंच. एकदा तर पोत्यात धोत्र्याचं बी निघालं म्हणून सगळं गाव निवडत बसलं होतं. परक्याकडून आलेलं दान निवडून खावं लागतं, हे आमच्या नागरिकशास्त्रात कुठं लिहिलेलं नाही.

मी नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडची. आमच्याकडं पाट नाही, बागायत नाही. आहे ती बाजरी, हुलगा, मटकी, थोडी करडई. लहानपणी मीठ सोडलं तर बाहेरून खायला आणलेलं मला फारसं आठवत नाही. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, पावसाळ्यात बांधावरची पाथरी आणि तांदुळजा, करडईचं तेल आणि चुलीवरून उतरून थेट ताटात येणारी भाकरी. ही जमीन जेवढं पाणी पिते तेवढ्यात हे सगळं होतं, म्हणून आमची माणसं हे खातात. त्यात शहाणपण आहे, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आमच्या पुस्तकात त्याला भरड धान्य म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात तो सूर ऐकून मी पहिल्या वर्षी वर्गात सांगितलंच नव्हतं की आम्ही हुलगा खातो. घोड्याचं खाणं म्हणून मुली हसतील, अशी भीती. आता वाटतं, हसणाऱ्यांच्या ताटात काय होतं ते तरी विचारायला हवं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला दादा आणि वैनी ऊसतोडीला देवळाली प्रवरेच्या बाजूला गेले. दरवर्षीच जातात. गेल्या वर्षी मात्र गावात मागं राहिलं तरी करायला काही नव्हतं, आणि बैलांना उसाचे वाढे, शेंड्याकडची हिरवी पानं, तरी मिळतील एवढाच विचार. वैनीला दिवस गेलेले होते. तिचं हे दुसरं. पहिलं माहेरी झालं होतं, महिनाभरही जगलं नव्हतं. मी एका रविवारी एस.टी.नं तिला भेटायला गेले. राहुरीच्या पुढं खिडकीतून बघते तर दोन्ही बाजूला हिरवंगार. डोळ्यांवर विश्वास बसेना. आमच्याकडं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघत बाया उन्हात बसलेल्या आणि इथं पाट भरून वाहतोय, वाफ्यावाफ्यातून पाणी खेळतंय. वैनी पोट सांभाळत उसाच्या मोळ्या बांधत होती. तळहात पानांनी कापलेले. मी विचारलं, काय खावंसं वाटतं गं? ती म्हणाली, बाजरीची गरम भाकर आणि लसणाची चटणी. सगळीकडं उभ्या उसात ती बाई बसलेली, आणि तिला हवी असलेली भाकरी तिथं कुणाच्याच शेतात नव्हती.

उसावर माझा राग नाही. चहात साखर मलाही लागते. पण एक गोष्ट मला कुणीतरी समजावून सांगावी. धरणाचं पाणी साऱ्या जिल्ह्याचं म्हणायचं, आणि ते जायचं तिथं जिथं साखर होते. जी बाजरी चार पावसांवर पोट भरते, तिच्यासाठी दोन पावसांचंही पाणी कुणी ठेवत नाही. मग पाऊस चुकला की बोटीनं मिलो आणायची आणि वर म्हणायचं, बघा, उपाशी ठेवलं नाही. हे मी भूगोलाच्या सरांना विचारलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला, रुमालानं हात पुसले आणि हा परीक्षेचा भाग नाही असं सांगितलं.

बोर्डिंगात मिलो आली ती संक्रांतीनंतर. आधी अर्धी मिसळून, मग निव्वळ. पहिल्या आठवड्यात आम्ही नाकं मुरडली, दुसऱ्या आठवड्यात निम्म्या मुलींची पोटं बिघडली, आणि मग माझी खोलीमैत्रीण सुमन उठली. सुमन बागायतदाराची, पाटपाण्यावरच्या गावची. तिच्या घरून दर महिन्याला तुपातल्या लाडवांचा डबा येतो आणि ती तो सगळ्यांना वाटून खाते, हे आधीच सांगते, नाहीतर ती वाईट होती असं वाटायचं. ती म्हणाली, आपण संप करायचा. आणि अर्ज तू लिहायचास, तुझं अक्षर चांगलं आहे.

मी लिहिला. मनापासून लिहिला. 'जे धान्य परदेशात जनावरांस घातले जाते ते भावी शिक्षिकांच्या ताटात वाढले जात आहे,' असं माझं पहिलं वाक्य होतं आणि मला त्याचा अभिमान होता. भावी शिक्षिका. म्हणजे इतरांच्या ताटात वाढलं जातंय ते चालेल, असा त्याचा अर्थ होतो हे त्या दिवशी मला दिसलं नाही, सुमनला दिसलं नाही, सह्या करणाऱ्या एकाही मुलीला दिसलं नाही. आणि आमच्यातल्या निम्म्याहून जास्त मुली कोरडवाहू गावांतल्या. त्यांच्या आया त्या घटकेला दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या.

तीन दिवस आम्ही जेवलो नाही. वाढलेल्या भाकरी तशाच गोळा करून स्वैपाकघराच्या ओट्यावर रचून परत पाठवायच्या, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातली एक फाटकाबाहेरच्या शेळीपुढं टाकली. शेळीनं ती हुंगली, तोंड फिरवलं, आणि थोड्या वेळानं खाल्ली. आम्ही पोट धरून हसलो. तिलाही दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून तिनं खाल्ली. एवढी साधी गोष्ट, पण आम्ही हसलो.

मग पुरवठ्याचे साहेब जीपमधून आले. देशात टंचाई आहे, शिकलेल्या मुलींनी समजून घ्यायला हवं, वगैरे बोलले. सुमननं त्यांना सरळ विचारलं की तुमच्या घरी काय शिजतं. साहेब लाल झाले. रेक्टरबाईंनी पदर तोंडाशी धरला. पण आदल्या दिवशीच्या पेपरात चार ओळी छापून आल्या होत्या आणि साहेबांना पाचवी ओळ नको होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हाची पोती आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळच्या पोळ्या मला आठवतात. गुळाबरोबर मी पाच खाल्ल्या. जिंकल्यावर भूक जास्त लागते, हा माझा अनुभव आहे.

शिमग्याला घरी गेले. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून चालत. रस्ताभर मैलामैलावर खडीचे ढीग आणि ढिगांमागं बायांच्या रांगा. आई त्यातच भेटली. हातोडीनं फुटलेल्या बोटांना चिंध्या बांधलेल्या, भुवयांवर पांढरी धूळ. मला बघून ती हसली आणि म्हणाली, चल पुढं, घरी पोरगी झालीय, सोन्यासारखी. वैनीला सातव्या महिन्याच्या शेवटी तोडीवरून घरी आणून सोडलं होतं. तिच्या माहेरच्या विहिरीनं तळ गाठलेला, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. दादा परत तोडीवर.

पोरगी सोन्यासारखी नव्हती. तिचं रडणं फार बारीक होतं. वैनीला दूध नव्हतं. मिलोची भाकरी खाल्ली की तिच्या पोटात कळा यायच्या, नाही खाल्ली तर चक्कर. खडीवर जाणाऱ्यांना आणि त्यांच्या पोरांना सुकडी मिळायची, गोड, पौष्टिक, पण बाळंतीण खडीवर जात नाही आणि गेल्याशिवाय हजेरी लागत नाही. आमच्याकडं बाळंतिणीला बाजरीच देतात. बाजरीचा घाटा, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण. त्यानं दूध उतरतं, असं आमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या मानत आल्या. पण बाजरी कुठं होती? ती पेरली तेव्हाच वाळून गेलेली.

त्या दिवशी दुपारी खडीवरून आल्या आल्या आईनं अंगावरची धूळ न झटकताच उतरंडीचं खालचं मडकं काढलं. ते मडकं मला ठाऊक होतं. आमच्या घरात बियाणं पुरुष ठेवत नाहीत. पीक उभं असतानाच आई शेतात फिरते, तिला पसंत पडतील ती कणसं बाजूला काढते, चुलीवरच्या धुरात टांगते, मग चोळून राख घालून मडक्यात भरते आणि तोंड शेणमातीनं लिंपते. ती बाजरी केसाळ. कणसावर असे राठ केस की चिमण्यांना चोच घालता येत नाही. आईच्या आईनं लग्नात ओटीत घातलेली, तिला तिच्या आईनं. ते मडकं मिरगाच्या पेरणीपर्यंत कुणी फोडायचं नाही. घरात उपास पडले तरी नाही. माझ्या आठवणीत ते एकदाही आधी फोडलेलं नव्हतं.

आईनं खुरप्याच्या टोकानं लिंपण फोडलं. मी म्हणाले, आई, बी आहे ते. ती म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई व्हय? गहू येनार हुता बाळंतिनीसाठी, लापशीपुरता. मिलोबी सोसंना अन्‌ गहूबी आला न्हाई. मग काय करू? पोरगी जगली तर पेरायचं." मग सुपात घेऊन राख पाखडायला बसली.

मी रेशनकार्ड घेऊन तडक दुकानात गेले. भांडायच्या तयारीनंच गेले, संप जिंकलेली मुलगी होते मी. दुकानदार गावचाच, मला लहानपणापासून ओळखणारा. त्यानं शांतपणे सांगितलं की बाळंतिणींच्या नावावर थोडा गहू मंजूर होता, गोदामात येऊनही पडला होता. "पर नगरात पोरींच्या बोर्डिंगात संप झाला म्हनं. मिलो खाईनात त्या. वरनं हुकूम आला अन्‌ पोती तिकडं वळवली. शिकलेल्या पोरी, त्येंचं ऐकावंच लागतं." मग त्याला आठवलं. "तूबी नगरलाच असती न्हवं?" मी हो म्हणाले. कार्ड घेतलं आणि घरी आले.

कदाचित दुसरं बोर्डिंग असेल, असं मी एस.टी.त बसून स्वतःला सांगत होते. नगरला पोचल्यावर कोठीत जाऊन पोती पाहिली. पोत्यांवर आमच्याच तालुक्याच्या गोदामाचा शिक्का होता, निळ्या शाईत, अगदी स्पष्ट. सुमनला दाखवला. ती रडली. म्हणाली, आपल्याला काय माहीत होतं? रेक्टरबाई म्हणाल्या, आता मागचं उगाळू नकोस, गहू काय परत जाणार आहे का? त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. साहेबानं कुठून तरी काढायचा होता, तो जिथून आवाज येणार नाही तिथून काढला. त्याला आम्ही गप्प व्हायला हव्या होतो, आणि बाळंतिणी गप्पच होत्या. जेवणाच्या ताटात असा हिशोब असतो हे मला कुठल्या तक्त्यानं शिकवलं नाही. आणि मी? दोन दिवस त्या पोळ्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ली. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा सगळा राग ढोंगाचा होईल.

पोरगी जगली. मडकं संपलं. ज्येष्ठात पाऊस आला तेव्हा गावात कुणाच्याच घरी बी नव्हतं, कारण मडकी काही एकट्या आमच्याच घरी फुटली नव्हती. पंचायत समितीतून संकरित बियाणाच्या पिशव्या आल्या. पीक भरपूर आलं, हे मी नाकारत नाही. पोती भरली. पण धाटं बुटकी, वैरण निम्मी. कणसं गुळगुळीत, त्यामुळं चिमण्यांची चैन. काही धाटं गोसावी झाली, म्हणजे कणसाच्या जागी नुसता हिरव्या पानांचा झुबका. आणि हे बी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. आमचे कृषिविज्ञानाचे सर म्हणाले, ही प्रगती आहे, जुनं ते सगळं सोनं नव्हे. मी उभी राहून विचारलं, जुनं होतं ते आम्ही खाऊन टाकलं सर, ते परत मिळेल का? सरांना प्रश्न कळला नाही. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

दिवाळीच्या सुट्टीत गेले ती सांगायचंच असं ठरवून. आठ महिने ते घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळची वेळ, आई चुलीपुढं नव्या बाजरीच्या भाकरी थापत होती. वैनी पाण्याला गेलेली. पोरगी भाकरीचा तुकडा दोन्ही हातांत धरून चोखत बसली होती. मी आईजवळ बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. संप, अर्ज, माझं अक्षर, परत पाठवलेल्या भाकरी, पोत्यावरचा शिक्का, सगळं. आईचा हात थांबला नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. मनातून मात्र मला हवं होतं की तिनं म्हणावं, जाऊ दे, तुला काय माहीत. ते ऐकायला मी अधाशी झाले होते.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, संप किती दिस चालला? मी म्हणाले, तीन. तीन दिसांत गहू आला? मी म्हणाले, हो.

"मग आमाला का न्हाई कळवलं?" ती म्हणाली. "खडीवर एवढ्या बाया हुतो आमी. रोज ती लाल भाकर पान्यासंगं घशाखाली ढकलत हुतो. एक चिठ्ठी धाडायची. आमीबी हातोड्या खाली ठिवून बसलो असतो की."

मी म्हणाले, आई, मला वाटलं... तिनं तव्यावरची नजर काढून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण इतकी रागावलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"आमाला चव कळत न्हाई, असं वाटलं व्हय तुला?"

मी मान खाली घातली, कारण मला तसंच वाटलं होतं.